पितृपक्षातली दहा मिनिटं

माझे भाऊजी रंगराव यांना धंद्यात एकच खोड होती. गावाला एखादी वस्तू हवीशी वाटायच्या दहा वर्षं आधी ते ती आणत. पिंपळगाव राजात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. ब्याऐंशी साली सरकारने टीव्हीची चित्रं पाठवणारा उपग्रह वर सोडला आणि त्याच्याबरोबर भाऊजींचं डोकंही वर गेलं. ते काही केल्या खाली येईना. मी शाळामास्तर, म्हणून इंग्रजी पत्रकं वाचून मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पुढच्या पापात माझा वाटा आहे तो असा.

पत्रकात लिहिलं होतं की कोंबड्यांच्या जाळीची बारा फुटी छत्री करून आकाशाकडे तोंड केलं की चित्र येतं. बारा फुटांची मोकळी जागा घरात एकच होती, ती म्हणजे सुभद्राताईची वांग्याची वाडी. ताई माझी थोरली बहीण. भाजीपाल्यावर घर तिनेच चालवलेलं, भाऊजींच्या दुकानावर नव्हे. हे मी तोंडावरही सांगतो.

"वाडी देते," ताई म्हणाली. "पण दसऱ्यापर्यंत चित्र नाई आलं तं दुकानाले कुलूप. अन् मंग माह्यासंगं खुरपं धराचं."

भाऊजी लगेच हाव, म्हणजे हो, म्हणाले. त्या दिवसांत त्यांना कोणी विहिरीत उडी मारता का विचारलं असतं तरी ते हाव म्हणाले असते.

छत्री उभी राहिली तेव्हा उकंडराव पाहायला आले. बैलाच्या दातावरून वय आणि चालीवरून खोड सांगणारा माणूस. त्यांच्या होकाराशिवाय गावात बैलाचा सौदा होत नसे. त्यांनी छत्रीला फेरी मारली, जाळी दाबून पाहिली.

"किती लांब हाये तो?"

"छत्तीस हजार किलोमीटर," मी म्हणालो.

"बिघडला तं जाते कोण?"

"कोणी नाही जात."

"दानापाणी?"

"जन्मभराचं इंधन आधीच भरून पाठवलंय."

"अन् जोडीचा कुठी हाये?"

"एकच सोडलाय सध्या."

उकंडरावांनी जाळीवरचा हात काढला. "आठ दिवस जोताले लावून पाह्यल्याबिगर मी खोंड घेत नाई, मास्तर. अन् सरकारनं एका बैलावर पेरणी काढली," म्हणाले आणि निघून गेले. भाऊजींना राग आला. मला आला नाही, कारण प्रश्न बरोबर होते.

छत्रीने पकडलेलं चित्र टीव्हीला पोचवणारा डबा नागपूरहून यायचा होता. तो नांदुऱ्याला रेल्वेने उतरला नेमका गणपती बोळवल्याच्या दुसऱ्या दिवशी. ताईने दारातच अडवलं.

"पित्तरायच्या दिवसात नवं काही लावाचं नाई."

"पंधरा दिवसानं लावू," भाऊजी म्हणाले.

"पुढं अधिक महिना हाये. घटस्थापनेलेच लावा."

म्हणजे दीड महिना. भाऊजी डबा उशाशी घेऊन झोपू लागले. चौथ्या दिवशी ताई गवार घेऊन नांदुऱ्याच्या बाजाराला निघाली आणि भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेला माणूस, पितृपक्ष वगैरे मानत नाही. तरी सांगतो, वायर धरण्याआधी मी चपला काढून बाजूला ठेवल्या.

खामगावहून आणलेला टीव्ही वाडीत खाटेवर ठेवला. आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळल्या. मग मुंग्या विरळ झाल्या आणि चष्मा घातलेला एक माणूस गव्हाच्या बियाण्याबद्दल हिंदीत बोलू लागला. इतका स्वच्छ, की त्याच्या सदऱ्याची गुंडी तुटलेली दिसत होती. भाऊजी रडले. खोटं कशाला बोलू, मीही रडलो. गव्हाचं बियाणं पाहून रडणारे आम्ही दोघंच असू. दहा मिनिटांनी रस्त्यावर बस वाजली, तसं आम्ही सगळं गुंडाळलं.

दोन दिवसांनी भाऊजींच्याच दुकानातल्या रेडिओवर बातमी आली, उपग्रह निकामी झाला. त्याचं इंधन संपलं होतं.

संध्याकाळी शेजारच्या मनकर्णाबाई टोपलीत भाकरी आणि बेसन घेऊन आल्या. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शेजारी पाठवतात ती कडू भाकर. चेष्टा वाटली मला, पण बाईच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मग आणखी चार घरच्या भाकरी आल्या. पुरुष मंडळी ओट्यावर येऊन खाली माना घालून बसली. भाऊजींना त्या भाकरीचा घास उतरेना.

"सरकारनं विमा उतरवला होता त्याचा," मी धीर द्यायला म्हणालो.

"बैल मेल्यावर पैसे भेटन," उकंडराव म्हणाले. "मोसम थोडीच भेटते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मले वाटते, पित्तरायच्या दिवसात कोणीतरी त्याले कामाले लावला असन."

भाऊजींना ठसका लागला. पाणी मीच दिलं.

आता अडचण पाहा. चित्र आलं होतं, म्हणजे पैज भाऊजींनी जिंकली होती, दुकान वाचलं होतं. पण ते सांगायचं तर पितृपक्षात हात लावल्याचं सांगावं लागणार. मग देशाचा उपग्रह मारल्याचा आळ पिंपळगाव राजाच्या रंगरावावर. मी त्यांना समजावलं, सत्तर कोटींचा देश आहे, कोणी ना कोणी लावलाच असेल. ते म्हणाले, "त्यायच्या घरी सुभद्रा नाई." आणि वीस वर्षांचं दुकान त्यांनी मुकाट्याने सोडायचं ठरवलं. मला त्यांचा एवढा राग आणि एवढी दया कधीच आली नव्हती.

दसऱ्याला सगळे हत्यारांची पूजा करतात. भाऊजींनी रेडिओच्या तारांना कथलाचा डाग द्यायच्या कैय्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, आणि बाहेर येऊन दाराला कुलूप लावलं. ताई समोर उभी होती, कमरेला खुरपं.

"कुलूप काऊन लावता?"

"कबूल केलं होतं."

"चित्र नाई आलं तं, असं ठरलं होतं."

भाऊजी जमिनीकडे पाहत राहिले. मी माझ्या चपलेकडे.

"बस चुकली होती माही त्या दिवशी," ताई म्हणाली. "वापस आली तं वाडीत तुमी दोघं. बांधावरच्या गवारीच्या आडून पाह्यलं मी, सारं. थांबवाचं होतं. नाई थांबवलं, पाहतच राह्यली. दीड महिना झोप नाई मले. वाटलं, माह्या पाह्यण्यानंच गेला तो."

तिने भाऊजींच्या हातातली किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि दार ढकललं.

"गावाले सांगू नका," ती म्हणाली. मग उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "तो चष्मेवाला, पेरण्याआधी बियाण्याले काय चोळा म्हणत होता? तेवढ्यात तुमी बंद केलं."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं.