चाळीस मैलांवरची थरथर

थेरन गॅडिसने गाडी आपल्या गॅरेजच्या शेडच्या तोंडाशी आणून उभी केली, काच खाली करून इंजिनाला पुन्हा एकदा कान दिला आणि मग किल्ली फिरवून ते बंद केलं.

“काही नाही, मदर. ठणठणीत आहे.”

भिंतीजवळच्या लोखंडी खुर्चीत आर्डेलिया सिम्स बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. न्यू बेथनी चर्चमधल्या वडीलधाऱ्या बायकांना सगळं गाव मदर म्हणतं; यांना तर त्यांच्याहून थोराड बायकाही मदर म्हणत.

“मागच्या खेपेलाही हेच म्हणालास.”

“कारण मागच्या खेपेलाही काही नव्हतं.”

“सपाट रस्ता असतो, खड्डा नाही की खळगा नाही. वेगाचा काटा चाळीस मैलांवर आला की गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. पन्हळी पत्र्यावरून चालल्यासारखी. मग आपोआप थांबते. मी काय वेडी आहे?”

“वेड्या कोण म्हणतंय तुम्हाला?”

“रेनिटा म्हणते. पोटची पोर.” मदरनी पर्सची कडी उघडली, मिटली. “अटलांटात बसून सांगते, आई, थरथर गाडीत नाही, तुझ्यात आहे. आज संध्याकाळी तुला फोन करणार आहे. तू म्हणालास गाडी चांगली, की शनिवारी येऊन किल्ल्या घेऊन जाणार. मग रविवारी हॅटीला कोण आणणार? आणि ओलाला? तिच्या घरावरून कुत्रंसुद्धा जात नाही.”

थेरनने हात पुसायचं फडकं घेतलं. हात स्वच्छच होते, तरी तो पुसत राहिला. मदरच्या त्या गाडीतून दर रविवारी चर्चला कोण कोण जातं, हे त्याला माहीत होतं. पूर्वी त्या गाडीच्या मागोमाग त्याचीही गाडी असे, आणि शेजारी त्याची बायको व्हर्लीन.

“तू चालवतोस कसा, ते पाहिलं मी,” मदर म्हणाल्या. “मागे पोलीस लागल्यासारखा. माझी गाडी माझ्यासारखी चालवून बघितलीस का एकदा तरी?”

थेरन थांबला. गिऱ्हाइकाला चाचणीच्या वेळी सोबत घ्यायचं नाही, अशी शेडची जुनी रीत होती. गिऱ्हाईक बोलत राहतं आणि गाडीचं ऐकू येत नाही. पण बाई म्हणत होत्या त्यात तथ्य होतं.

“चला,” तो म्हणाला. “तुम्ही चालवा.”

कपाशीच्या शेतांमधून जाणाऱ्या सरळ रस्त्यावर मदरनी गाडी घातली. पाय इतका हलका, की गाडीला ढकललं जातंय याचा पत्ता लागू नये. थेरन शेजारी हात मांड्यांवर टाकून बसला. काटा पस्तीस, अडतीस. चाळिसाला तो टेकला मात्र, आणि पायाखालच्या पत्र्यातून एक बारीक, जलद थरथर आली. आरशातलं शेत अंधूक झालं.

“आली,” मदर कुजबुजल्या.

“पाय आहे तसाच ठेवा. आता डाव्या पायाने ब्रेकला नुसतं शिवा. दाबायचं नाही, शिवायचं.”

त्यांनी शिवलं. थरथर जागच्या जागी मेली. पाय काढला, थोडी वाट पाहिली; पुन्हा आली.

थेरनच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी काहीतरी उमटलं. “मदर, मी चुकलो. आहे. गाडीत आहे.”

“परमेश्वरा, तुझी स्तुती असो,” मदर म्हणाल्या. डोळे रस्त्यावरच होते, पण ते भरून आले होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी विचारलं, नक्की काय होतं ते. थेरन जरा विचार करून म्हणाला, “इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक डबा असतो. त्यात दोन पंखे समोरासमोर. एक फिरला की तेल हलतं आणि तेलाच्या जोरावर दुसरा फिरतो. हळू जाताना एवढं पुरतं. पण वेग आला की आत एक चकती दोघांना धरते आणि एक करते. तुमच्या गाडीत ती धरते, सुटते, धरते, सुटते. पूर्ण धरत नाही, पूर्ण सोडतही नाही. मी जोरात चालवतो, तेव्हा ते कळायच्या आत निघून जातं. तुमच्या हलक्या पायाला कळतं. ब्रेकला शिवलं की चकती सोडून देते, म्हणून थांबतं.”

मदरनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आपले रेव्हरंड प्रवचनात बोलता बोलता गायला लागतात, त्या आधी त्यांचा गळा असाच होतो बघ. बोलणं सुटलेलं असतं आणि गाणं लागलेलं नसतं. तेवढ्यात खालून ऑर्गन त्यांना धरून घेतो. तेवढं ऐकायलाच तर मी जाते.”

थेरन खिडकीबाहेर पाहू लागला. व्हर्लीनच्या अंत्यविधीला रेव्हरंड असेच बोलता बोलता गाण्यात गेले होते. सगळं चर्च उठून उभं राहिलं, टाळ्या, अश्रू, ती प्रभूकडे गेल्याचा आनंद. तो एकटा बसून होता. त्यानंतर तो त्या दारातून आत गेला नव्हता.

शेडमध्ये त्याने गिअरचं तेल मोजायची पट्टी बाहेर ओढून पांढऱ्या कागदावर पुसली. डाग बघितला, वास घेतला.

“गिअरचं तेल कोणी घातलं?”

“आपल्याच लोकांनी. वसंतातला विधवांचा शनिवार नाही का? चर्चच्या अंगणात पुरुषमंडळी आमच्या गाड्या बघतात, बायका मासे तळतात. डीकन प्रूइटनी एक मोठं पिंप आणलं होतं. सगळ्या गाड्यांना त्यातलंच. म्हणाले, प्रभूच्या घरी एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं नसतं.”

थेरन हसला, मग त्याचं हसू मावळलं. या गाडीला वेगळं तेल लागतं. पूर्वी त्या शनिवारी पिंपाशी तोच उभा असे आणि कुठल्या गाडीत काय जायचं ते तोच बघे.

“त्यांना सांगू नकोस हो,” मदर म्हणाल्या. “इतक्या मायेने घातलंय.”

“नाही सांगत.”

त्याने तेल सोडलं, नवं घातलं, गाडी फिरवून आणली, पुन्हा सोडलं. त्या डब्यातलं जुनं तेल एका खेपेत निघत नाही. दुपार तशीच गेली. मदरनी पर्समधून चंदेरी कागदात गुंडाळलेला केक काढला आणि मोठा तुकडा त्याच्या पुढे धरला.

“आधी हात धू. काय खातोस रे तू रोज?”

“जे मिळेल ते.”

“विकतचं, पत्र्याच्या डब्यातलं. कळतंय तुझ्या रंगावरून.”

तो उभ्या उभ्याच खात होता. मदर गुणगुणत होत्या, रविवारच्या प्रवचनातला गाण्याकडे चढणारा सूरच असावा. शेडमध्ये कितीतरी दिवसांत माणसाचा असा आवाज झाला नव्हता. संपू नये म्हणून त्याने आवाज होऊ न देता पाना खाली ठेवला.

ऊन उतरल्यावर ते पुन्हा निघाले. मदर गाडी चालवत होत्या. पस्तीस, अडतीस, चाळीस. काहीच झालं नाही. गाडी लोण्यावरून चालल्यासारखी गेली. मदरनी एक हात वर उचलला, चर्चमध्ये उचलतात तसा, आणि पुन्हा स्टिअरिंगवर ठेवला.

मग थेरनला ते जाणवलं. थरथर नव्हे. गाडी जराशी पुढे सरे, जराशी मागे राही, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. काटा चाळिसाच्या अलीकडे, पलीकडे. त्याने खाली पाहिलं. सपाट पांढऱ्या बुटातला मदरचा उजवा घोटा कापत होता.

त्याने लगेच नजर वर घेतली. मदर समोरच पाहत होत्या.

“हे तेलाचं नाही ना?”

शेतं मागे जात राहिली.

“नाही, मदर.”

“वाटलंच.” त्यांनी गाडी कडेला घेतली, नीट, दिवा दाखवून. “थरथर एक नव्हे, दोघी होत्या तर. मोठीच्या आड धाकटी लपली होती.”

ते शेडमध्ये परतले तेव्हा फोन वाजत होता. रेनिटाच होती.

“ब्रदर गॅडिस, खरं सांगा हं. तिला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. दोष गाडीत होता का?”

“होता. चुकीचं तेल होतं. काढलं.”

“म्हणजे मीच उगाच...” रेनिटाचा आवाज उतरला. “मी तिला काय काय बोलले.”

थेरनने मदरकडे पाहिलं. त्या हात पुढे करून उभ्या होत्या. त्याने फोन दिला.

“रेनिटा? हो, गाडीतच होता, तू हरलीस. ... ऐक आता. माझा पायही कापतो. ... नाही, त्याने नाही सांगितलं. मीच सांगते. मी आता चालवणार नाही. ... रडू नकोस गं. पुढच्या आठवड्यात ये, डॉक्टरकडे जाऊ. पण किल्ल्या न्यायला येऊ नकोस. किल्ल्यांचं मी बघते.”

फोन ठेवून त्या बाहेर गेल्या आणि गाडीत बसल्या, चालकाच्या शेजारच्या सीटवर.

थेरनने त्यांना घरी सोडलं, पायऱ्या चढवल्या. किल्ल्या पुढे केल्या तर त्यांनी घेतल्या नाहीत.

“गाडी तुझ्याकडेच राहू दे. माझ्या दारात दिसली तर मी चालवेन, मला मी ओळखते. रविवारी हॅटीला आधी घे. भोंगा वाजवलास तर येणार नाही, दारापर्यंत जावं लागतं. टोपी गाडीतही डोक्यावरून काढत नाही, मागचं दिसलं नाही तरी तिला बोलू नकोस. ओला कानाने कमी आहे. तिच्या बाजूने आमेन मोठ्याने आलं तर दचकू नकोस.”

“मदर, मी तर चर्चला...”

“मी कुठे म्हटलं आत ये? गाडीत बसून राहा. चर्चच्या खिडक्या उघड्या असतात.”

दार लागलं. जाळीमागचा दिवा लागला.

थेरन गाडीत येऊन बसला. सीट पार पुढे ओढलेली होती, गुडघे स्टिअरिंगला लागत होते. दिवसभर तो असाच अवघडून चालवत होता. दुरुस्तीला आलेल्या गाडीची सीट हलवायची नाही, गिऱ्हाइकाला आपली गाडी आपल्यासारखी परत मिळाली पाहिजे, हे त्याच्या बापाचं सांगणं.

तो बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिला. मग खाली हात घालून त्याने दांडी चाचपली, वर ओढली आणि सीट मागे सरकवली.