नदीपलीकडे न पोहोचलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी तपासणी गाडी आहे. आज मी दवाखान्याच्या मागच्या आवारात भिंतीला टेकून उभी आहे. चाकांतली हवा कधीच गेली. नवी होते तेव्हा मात्र माझा थाट होता. माझ्या पोटात स्तनाच्या कर्करोगाची तपासणी करणारं यंत्र होतं, पडदा होता आणि बायकांना बसायला बाक होता. इस्पितळापासून लांब राहणाऱ्या बायकांपर्यंत जायचं, हेच माझं काम.

माझ्याबरोबर नर्सबाई आणि चालककाका असत. वीटभट्टीवर पहिल्यांदा गेले तेव्हा कुणी जवळ येईना. शेवटी विटा वाहणारी एक बाई हातावरची लाल धूळ झटकत आत शिरली.

"बघून टाका एकदाचं, मला कामावर जायचंय," ती म्हणाली.

तिच्या छातीत बारीकशी गाठ निघाली. वेळेवर उपचार झाले आणि ती बरी झाली. पुढच्या खेपेला तिनेच भट्टीवरच्या सगळ्या बायकांना माझ्यापुढे रांगेत उभं केलं.

"माझी धाकटी बहीण नदीपलीकडे राहते," ती नर्सबाईंना म्हणाली. "तिलाही तपासा की."

"पुढच्या महिन्यात तिकडेच जातोय. सांगून ठेवा तिला."

तिने सांगून ठेवलं. पण त्याआधीच माझं इंजिन बिघडलं. दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. तेवढ्यात शहरातल्या इस्पितळात नवं यंत्र आलं.

"आता गाडी कशाला? बायका इथे येतील," आरोग्य खात्याचे साहेब म्हणाले.

नदीपलीकडून शहरात यायचं तर अख्खा दिवस मोडतो, रोजंदारी बुडते, आणि लहान पोरांना कुणाकडे ठेवायचं? साहेबांना हे कुणी विचारलं नाही.

बऱ्याच काळाने वीटभट्टीवरची ती थोरली बहीण आवारात आली. चालककाका आता इथेच पहाऱ्यावर असतात.

"धाकटी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"गेली, दादा." ती माझ्या पायरीवर बसली. "गाठ तिच्या हाताला लागली होती. पण मीच सांगितलं होतं ना, गाडी दारात येते म्हणून. ती वाट बघत राहिली."

काका तिच्याशेजारी येऊन बसले.

मित्रांनो, दोघी एकाच आईच्या लेकी. एकीच्या दारात मी गेले, दुसरीच्या नाही. फरक एवढाच.

मला रंग देऊन पुन्हा सजवा, असं मी म्हणत नाही. माझं वय झालं. पण उद्या तुम्ही साहेबांच्या खुर्चीत बसाल, तेव्हा नवी गाडी आधी नदीपलीकडे पाठवा. तिथे अजूनही कुणीतरी काम करता करता रस्त्याकडे बघत असेल.