झोत खाली आला तेव्हा

पृथ्वीराजने शिवानीच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि दोन बोटांनी तिची हनुवटी सोबत आलेल्या दोघांपैकी एकाच्या मोबाईलकडे वळवली.

"पोरी, त्यो काळा चष्मा काढ की जरा. फोटोत तोंड दिसाय पायजे."

निशिगंधाला शिसारी आली. लेकीच्या चेहऱ्यावरची ती अंगठ्यांनी भरलेली बोटं बघून अंगावर पाल पडल्यासारखं झालं. विसर्जन होऊन चार दिवस झाले, तेव्हा कुठे तालीम मंडळाचा हा अध्यक्ष उगवला होता, आणि आला तो सत्कार करायला! मिरवणुकीत मंडळाच्याच लेसरचा झोत शिवानीच्या उजव्या डोळ्यात गेला होता. आता त्या डोळ्याने कुठेही बघितलं तरी मधोमध काळा डाग. पडदा भाजलाय, भरून येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पोरगी रायफल नेमबाज. दिवाळीनंतर निवड चाचणी, आणि नेम धरायचा तो याच डोळ्याने.

"वहिनी, पोलीस इचाराय आलं तर डोळ्यात गुलाल गेला म्हणायचं," पृथ्वीराज बशीत चहा ओतत म्हणाला. "तालीम आपलीच हाय की."

"झोत माणसांच्या डोक्यावरनं जायला पायजे, असा नियम हाय न्हवं?" निशिगंधाने विचारलं.

"हाय की. पर आभाळात मारून काय दिसतंय? समोरच्या मंडळानं खाली घेतला. मग आमी काय बांगड्या भरल्यात?"

सोबतचे दोघे खदखदून हसले. निशिगंधाने नवऱ्याकडे पाहिलं. आकाराम तालमीचा जुना कार्यकर्ता. मान खाली घालून तो पाहुण्यांपुढे बिस्किटांची ताटली सरकवत होता. एवढं होऊन याच्या तोंडाला कुलूप कसं, असं तिच्या मनात आलं.

"झोत खाली आला, तेवढाच व्हिडिओ कुठं दिसत न्हाय," शिवानी म्हणाली.

"कसा दिसंल?" पृथ्वीराज समजुतीच्या सुरात म्हणाला. "झोत खाली घ्यायच्या आदी लेसरच्या ट्रॉलीम्होरचा आपला कॅमेरा झाकला हुता. थेट झोत गेला तर कॅमेरा जळतोय, म्हणून लेसरवाल्यानं आदीच बजावलं हुतं. आपल्या आकारामदादांनीच फडकं टाकलं की. लई ध्यान हाय माणसाला!"

शिवानीने नारळ खाली ठेवला.

"मी तितंच लेझीम खेळत हुतो, पप्पा. पयल्याच रांगंत. मला बघितलासा न्हवं?"

आकाराम ताटलीतली बिस्किटं उगाच सारखी करत राहिला.

"कॅमेऱ्याकडंच ध्यान हुतं, बाळ," तो म्हणाला.

निशिगंधा उठली. पाहुण्यांच्या कपांना तिने हातही लावला नाही. आकारामच्या पुढ्यातला भरला कप तिने उचलला आणि मोरीत ओतून टाकला.