काळीपिवळीचं मागचं चाक

“हात लाव ना. आतून बाहेर फिरव. चावत नाई टायर तुले,” बकाराम मिस्त्री म्हणाला, आणि भोवती उभे असलेले सात-आठ जण हसायला तयारच होते.

हिरालालने काळीपिवळी प्रवासी जीपच्या पुढच्या डाव्या टायरवर तळहात फिरवला. आरीच्या दातांसारखी धार लागली. उलट फिरवला तर गुळगुळीत. टायर दिवाळीतला, अजून चार महिनेही झाले नव्हते, आणि बाहेरच्या कडेला नक्षी म्हणून उरली नव्हती.

“गाडी डावीकडे वढते, मिस्त्री,” हिरालाल म्हणाला. “दसऱ्याले मी नागपूरले गेलो होतो, दोन दिवस. वापस आलो तवापासून इस्टेरिंग सिधं राहत नाई. सांगून राहिलो मी, पन कोनी आयकत नाई.”

“तीन डाव अलाइनमेंट केली म्या. तिन्ही डाव बिघडली. म्हंजे गाडीत खोट नाई, हातात हाय. गाडी नाई वढत, तूच वढून राहिला. वाकडा डायवर!”

देवरीच्या नाक्यावर बकारामचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. टायर मधून झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी, जागोजागी खड्डे पडले तर शॉकअप गेले. सत्तावीस वर्षं तो हे नुसत्या तळहाताने सांगत आला होता. हायवेवर कॉम्प्युटरने अलाइनमेंट करणारी दुकानं आली तरी जुने ड्रायव्हर त्याच्याकडेच यायचे. त्याचा त्याला गर्व होता, आणि गर्वापेक्षा जीभ लांब होती. फक्त मागच्या चाकांपाशी तो कधी वाकला नाही. मागचं चाक पुढच्याच्या मागे जातं, त्यात काय पाहायचं, असं त्याचं म्हणणं.

गाडीचा मालक खुमेंद्रसेठ खुर्चीत बसून चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला आणि नुसता हात पुढे केला. सतरा वर्षं देवरी-चिचगड रस्त्यावर गाडीला ओरखडा न लागू देणाऱ्या हिरालालने त्या हातावर किल्ली ठेवली. आठ माणसांसमोर तो खाली मान घालून निघाला. बकारामने ते पाहिलं, आणि खरं सांगायचं तर त्याला मजा वाटली.

त्यानंतर हिरालालला कुणी स्टेअरिंगला हात लावू दिला नाही. पाच मालकांकडे तो जाऊन आला. पाचही जणांनी विचारलं, “वाकडा डायवर तूच काय?” उचलली जीभ लावली टाळ्याला, पण ज्याची जीभ त्याला कुठे झळ बसते?

गाडीवर खुमेंद्रसेठचा पुतण्या हेमेंद्र बसला. मे महिन्यात तो आला तेव्हा नव्या टायरची तीच कड झिजलेली होती. बकाराम मनातून चरकला. हात दुसरा आणि झीज तीच?

हेमेंद्र शेजारून गाडी धुऊन आला होता. ओल्या चाकांनी त्याने ती सरळ दुकानात घेतली आणि कोरड्या फरशीवर चारही चाकांच्या खुणा उमटल्या. मागच्या चाकाची खूण पुढच्या खुणेवर पडत नव्हती. चांगली चार बोटं बाजूला होती.

बकारामने सुतळी आणली. एका बाजूला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत ताणली, गाठ मारली, दुसऱ्या बाजूला लावून पाहिली. डावी बाजू दोन बोटं आखूड भरली. तो गाडीखाली सरपटत गेला. चेसिसला काळा रंग फासला होता, रंगाखाली वेल्डिंगचा जोड होता, आणि जोडावर नख जाईल एवढी भेग पडली होती.

हे त्याला फेब्रुवारीतही दिसलं असतं. वाकायचाच काय तो त्रास होता.

“गाडी कोठी चालवू नोको,” हेमेंद्रला एवढं बजावून तो तसाच खुमेंद्रसेठच्या घरी गेला.

“माहीत हाय मले,” सेठ म्हणाला. “हिरालाल नागपूरले गेला तवा हेमेंद्रनं झाडाले ठोकली. गोंदियाले नेऊन जोडून आनली.”

“मंग हिरालालले काऊन काढलं?”

“पोट्ट्याले गाडी पायजे होती. मी काढलो असतो त लोक म्हनले असते, पुतन्यासाठी जुना मानूस हाकलला. तुया तोंडून निघालं त कोनी हूं का चूं नाई केलं.” सेठने त्याच्यापुढे पानाचं तबक सरकवलं. “तवा बोलला ना? मंग आता चूप राह्य.”

सुंठीवाचून खोकला गेला होता सेठचा. बकारामने पान घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या तळहाताची किळस आली.

दुसऱ्या दिवशी तो चिचगडला गेला. हिरालाल तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं गोळा होतात त्या मैदानावर, उन्हात वाळणारे पानांचे पुडे उलटवत होता. अंगावर अजून ड्रायव्हरचाच खाकी शर्ट होता.

“हिरालाल, चुकी माही होती. तुया हातात खोट नव्हती.”

“मले त माहीतच होतं,” हिरालाल वर न पाहता म्हणाला. “मले कायले सांगता?”

“चेसिसचा जोड फाटला हाय.”

आता मात्र त्याने पुडा खाली टाकला. “गाडी कोठी हाय?”

“उभी ठेव म्हनलो मी.”

“तुमी म्हनले आन् त्यानं ठेवली? लग्नाचे दिस हायेत, मिस्त्री!”

दोघे चिचगडच्या स्टँडवर धावले. काळीपिवळी गच्च भरलेली, टपावरही माणसं. बकाराम बोनेटवर हात आपटून ओरडला, “उतरा सारे! चेसिस फाटली हाय. मी बकाराम मिस्त्री सांगून राहिलो!”

“मिस्त्री, मी आता कॉम्प्युटरवाल्याकडे जातो म्हनून जळते काय?” हेमेंद्र आतून हसला.

“आमाले लगन लागाच्या आंधी पोचाचं हाय,” मांडीवर पोर घेतलेली एक बाई करवादली. “तुमचं भांडन मंग करा.”

हिरालाल गाडीसमोर जाऊन उभा राहिला.

“ए वाकड्या, बाजूले हो!” टपावरून कोणीतरी ओरडलं. गाडी हसली. दोन जण उतरले, त्यांनी त्याला काखेत धरून रस्त्याच्या कडेला नेऊन सोडलं आणि पळत जाऊन मागच्या दांड्याला लटकले. गाडी निघाली. तोंड देवरीकडे होतं आणि मागचं अंग डांबराच्या कडेकडे सरकलेलं होतं. वळणाआड जाईपर्यंत दोघे पाहत राहिले.

“कोनी आयकत नाई माहं,” बकाराम म्हणाला.

हिरालालने ताणून फाटलेली शर्टाची बाही वर दुमडली.

“माह्या वक्ती त येका सब्दात आयकलं होतं, मिस्त्री,” तो म्हणाला, आणि राहिलेले पुडे उलटवायला फळीकडे चालू लागला.