पुढच्या चाकांवरचं वजन

“बाहेर ये आणि बघ एकदा,” डेलमर अंगणातूनच ओरडला. “अशी सपाट उभी आहे की वर पत्त्यांचा डाव मांडावा.”

व्हर्ना हात पुसत दारात आली. पिकअप तिला दिसली ती कडेकडेने. नजरेच्या ऐन मध्यावर वर्षभरापासून एक करडा डाग ठाण मांडून बसला होता, त्यामुळे जे बघायचं ते मान तिरकी करून. डोळ्यांच्या डॉक्टरने आडपडदा ठेवला नव्हता. काय बघायचं राहिलं असेल ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बघून घ्या, म्हणाला. राहिलं होतं ते एकच. नेब्रास्काच्या मक्यात सगळा जन्म काढलेल्या व्हर्नाने समुद्र पाहिला नव्हता.

तो दाखवायचा म्हणून डेलमरने एक जुना चोवीस फुटी ट्रेलर घेतला होता. आत पलंग, शेगडी, सगळा संसार. गेल्या ऑक्टोबरात दोघं निघालीही होती. साठ मैलांवर शेजारून एक धूड ट्रक सुसाट गेला आणि मागचा ट्रेलर असा झुलायला लागला, की कोण कोणाला ओढतंय तेच कळेना. पिकअपचं बूड बसलेलं, नाक आभाळाकडे, स्टिअरिंग नुसतंच हातात. कशीबशी गाडी थांबली. व्हर्ना उतरली, कडेच्या गवतात बसली आणि म्हणाली, “समुद्र गेला खड्ड्यात. हे धड झाल्याशिवाय मी रस्त्यावर येणार नाही.”

आता व्हर्ना काही घाबरट बाई नव्हे. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, बर्फात आणि वावटळीत. त्याच बसगाड्या डेलमर दुरुस्त करायचा. संध्याकाळी गाडी लावून ती म्हणायची, मागचं डावं चाक काहीतरी बोलतंय, आणि हा पालथा-उताणा होऊन शोधायचा. तिचं एकदाही चुकलं नाही. हे त्याने चारचौघांत कधी कबूल केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून सगळा हिवाळा तो पिकअपखाली पडून होता. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक जाड पाटा वाढवला. आसावर हवेचे दोन रबरी फुगे बसवले. पंपाने हवा भरली की बसलेलं बूड वर. आज ट्रेलर जोडून हवा भरली, तर गाडी खरोखरच सरळ उभी राहिली. डेलमरला सत्तरीत मिसरूड फुटल्यासारखं झालं होतं.

“आता त्या दांड्या भंगारात घाल,” कुंपणापलीकडून शेजारी एमिल म्हणाला. ट्रेलरच्या हुकाला दोन पोलादी दांड्या येतात, साखळीने वर ताणून बसवायच्या. “फुगे असताना कशाला तो कुटाणा?”

“कधीच काढून ठेवल्यात,” डेलमर ऐटीत म्हणाला.

व्हर्ना एवढंच म्हणाली, “जत्रेच्या मैदानात एक फेरी मारू. हमरस्त्यावर नाही.”

काउंटीच्या जत्रेचं मैदान एप्रिलमध्ये ओसच असतं. व्हर्ना शेजारी बसली, बूट काढले, पावलं गाडीच्या तळाच्या पत्र्यावर टेकवली आणि डोळे चक्क मिटून घेतले. डेलमरने एक लांब वळण घेतलं, मग दुसरं.

“लोणी आहे की नाही लोणी?”

“नाक हलकं आहे.”

“अगं, सपाट आहे गाडी. एमिलने पाहिली.”

“एमिलला त्याची गाय कुठे बघतेय ते कळत नाही. पुढची चाकं जमिनीला धरत नाहीत, डेल. टेप आण.”

तो चरफडत उतरला. ट्रेलर सोडवला, पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची मोजली. पुन्हा जोडला, पुन्हा मोजली. नाक दीड इंच वर. त्याने तिसऱ्यांदा मोजलं, कारण अब्रूचा प्रश्न होता. दीड म्हणजे दीडच. फुग्यांनी बूड उचललं होतं, पण पुढच्या चाकांवरून गेलेलं वजन परत आणलं नव्हतं; ते काम त्या दांड्यांचं. बुडाखाली उशी घातल्याने पायात जोर येत नाही, आणि हे कळायला गाड्यांखाली जन्म घालवलेल्या माणसाला मिटल्या डोळ्यांची बाई लागली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा अभिमानही.

“घरून दांड्या घेऊन येतो,” तो म्हणाला.

“ट्रेलरच्या पलंगाखाली आहेत. मीच टाकल्या सकाळी.”

मग एक तास दोघांनी भान हरपून काम केलं. फुग्यांतली हवा उतरवली. दांड्या बसवल्या, साखळी एक कडी ताणली, मोजलं. अजून एक कडी. व्हर्ना टेपचं टोक जमिनीवर दाबून धरायची आणि विचारायची, “किती?” पाऊण. पाव. मग नाक पहिल्या जागी टेकलं, आणि डेलमरने फुग्यांत हवेचा नुसता घोट भरला.

“बस, दाखवतो,” तो म्हणाला. मग थांबला आणि किल्ली तिच्या हातात दिली. “नाही. तू चालव.”

“परवाना काढून घेतलाय माझा.”

“मैदानाला काय करायचाय परवाना? कुंपण आलं की मी सांगतो.”

व्हर्नाने सीट पुढे ओढली, खूप पुढे, तिच्या बसमध्ये असायची तशी. गाडी हलली. पहिलं वळण तिने हळू घेतलं, दुसरं बेतशीर. तिसऱ्याला तिने मुद्दामच स्टिअरिंगला हिसका दिला आणि डेलमरने दाराची मूठ घट्ट धरली. ट्रेलर एकदा डुलला आणि गुमान मागे सरळ झाला.

“धरतंय,” ती म्हणाली आणि हसत सुटली. “धरतंय रे, डेल.”

सहा फेऱ्या झाल्या. तो “कुंपण, डावीकडे” म्हणत होता आणि ती “दिसतंय मला” म्हणत होती, दिसत नसतानाही. त्याला वाटत होतं, तिने दिवस मावळेपर्यंत थांबूच नये.

सातव्या फेरीला ती फाटकापाशी थांबली. “मंगळवारी निघू,” म्हणाली. “आता घरी जाताना वाटेतल्या खानावळीतून राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल घे, स्वयंपाकाचा कंटाळा आलाय.”

तिने इंजिन चालूच ठेवलं. सीटखाली हात घालून खटका दाबला आणि सीट पार मागे सरकवली, त्याच्या पायांच्या मापावर. मग ती उतरली आणि बॉनेटवर तळहात टेकवत, गाडीला वळसा घालून, दुसऱ्या दाराकडे आली.