एक्केचाळीस टेबलं

"बाई, खुर्ची जरा मागे घ्या," असं म्हणत तात्या टेबलाखाली शिरले. सत्तावन्नाव्या वर्षी टेबलाखाली शिरायचं म्हणजे आधी एक गुडघा, मग दुसरा, मग थोडा दम खायचा.

नकाशा कार्यालयात एक्केचाळीस टेबलं होती आणि प्रत्येकाखाली एक जुनापाना, पत्र्याचा, उभा संगणक. सगळं ऑफिस त्या अख्ख्या पेटाऱ्याला सीपीयू म्हणायचं. सीपीयू म्हणजे आतली एवढीशी चिप, हे सांगून सांगून तात्यांच्या तोंडाला फेस आला होता. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि तेही सीपीयूच म्हणायला लागले. येणारी पत्रं नोंदवणाऱ्या आवक बाईंच्या टेबलावर गेला आठवडाभर एक पाहुणा मुक्कामाला होता. जाड पुस्तकाएवढी काळी डबी. ती नवी जात.

उद्या बारा वाजता खरेदीची बैठक होती आणि तिच्यासाठी तात्यांनी तक्ता करायचा होता. एका बाजूला जुना सीपीयू, दुसऱ्या बाजूला डबी. वेग किती, वीज किती खाते, पुढे काही वाढवता येईल का, वापरणाऱ्याचं मत काय. जुन्यांनाच नवे भाग घालून चालवायचं की सगळीकडे डब्या आणायच्या, ते त्यावरून ठरणार होतं.

डबीत उघडण्यासारखं काही नव्हतं. रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे बदलायची सोयच नाही. बिघडली तर अख्खी डबी कंपनीकडे परत आणि दुसरी हजर. म्हणजे डब्या आल्या की तात्यांची दुरुस्तीची खोली बंद. कार्यालयाच्या प्रमुख मॅडमनी आडपडदा ठेवला नव्हता. "तात्या, मग तुम्हाला खाली चौकशीच्या खिडकीत बसवावं लागेल. पगार तोच राहील."

पगाराचं कुणाला पडलंय. तात्यांना ती खोली हवी होती. बायको जाऊन सात महिने झाले होते, आणि समोर काहीतरी उघडलेलं असलं, हातात पेचकस असला, तरच दिवस पुढे सरकतोय हे त्यांना कळायचं. एरवी कळायचंच नाही. दुःखसुद्धा धड होत नव्हतं. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की ओठ आपला वाटत नाही, तसं त्यांना सगळंच झालं होतं.

सकाळी लेकीचा फोन आला होता. "बाबा, तक्ता तुम्हीच लिहिणार ना? मग लिहा की नीट."

"नीटच लिहितो."

"तसं नाही हो. मला काय म्हणायचंय ते कळतंय तुम्हाला."

कळत होतं. आणि गंमत म्हणजे खोटं लिहायची गरजच नव्हती. तात्यांनी आठ वर्षांचा एक सीपीयू घेऊन त्यातली फिरती डिस्क काढली, न फिरणारी एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली. ऑफिसातला सगळ्यात मोठा नकाशा आधी उघडायला पावणेदोन मिनिटं घ्यायचा, तो चौदा सेकंदांत उघडला. डबीला अकरा लागले. तीन सेकंदांत माणसाचा चष्मासुद्धा पुसून होत नाही. 'पुढे वाढवता येईल का' या रकान्यात तर सामना एकतर्फीच होता. जुन्यात रॅमच्या दोन जागा रिकाम्या, डबीत नन्नाचा पाढा.

शिवाय हुकमाचा एक्का होता तो तक्रारींचा रकाना. नऊ वर्षांत कुणी एक तक्रार अर्ज भरला नव्हता. कारण रोज सकाळी, माणसं यायच्या आत, तात्या एक्केचाळीस टेबलांखाली वाकून प्रत्येक पंख्याला कान लावायचे. आवाज बदलला की त्याच दिवशी भाग बदलायचे. बिघाड व्हायची वाटच बघायची नाही, ही त्यांची रीत. त्यांनी तक्त्यात पेनानं ठसठशीत शून्य काढलं होतं आणि ते त्यांना फार आवडलं होतं.

आता फक्त वापरणाऱ्याचं मत राहिलं होतं. तात्यांनी टेबलाखालूनच विचारलं, "मग बाई, कुठली बरी वाटली?"

"जुनीच."

"का?"

"तुमची आहे म्हणून."

"हे तक्त्यात कसं लिहू? सांगा की खरं काय ते."

बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "रागावू नका. आठवडाभर माझं डोकं दुखलं नाही."

तात्या बाहेर आले. "म्हणजे एरवी दुखतं?"

"दुपारनंतर. तो पंखा घुं घुं करतो ना, तो डोक्यात जातो. झाली की आता आठ वर्षं."

"आणि मला बोलला नाहीत कधी?"

"तुम्ही रोज सकाळी येऊन त्याला कान लावून जाता. पाळण्यातल्या पोराकडे बघावं तसं. मी लवकर येते ना, बघते मी. अशा माणसाला काय सांगायचं? आणि असतंच की थोडं."

असतंच की थोडं. अगदी हेच शब्द तात्यांनी घरी ऐकले होते. बायको ओट्याशी कुशीवर हात दाबून उभी असायची. ते विचारायचे, "काय गं?" ती म्हणायची, "काही नाही, असतंच की थोडं." ते पेपर उलटायचे. दुसऱ्यांदा त्यांनी कधी विचारलं नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" तेव्हा तिनं डॉक्टरांकडे नाही, तात्यांकडे बघितलं होतं, जणू तिचंच काही चुकलं होतं.

आता तरी रडू येईल म्हणून तात्या जरा थांबले. आलं नाही. ते खोलीत गेले, धूळ खात पडलेला तक्रार अर्जांचा गठ्ठा घेतला आणि पहिल्या टेबलापासून सुरुवात केली.

"काही त्रास?"

"छे हो तात्या. मस्त चाललंय," नकाशे काढणारे आरेखक म्हणाले.

तात्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "दुसऱ्यांदा विचारतोय."

आरेखकांनी इकडेतिकडे बघितलं आणि विजारीचा पाय वर घेतला. पोटरीवर भाजल्यासारखा तांबूस पट्टा होता. "मागून गरम वारा येतो. हिवाळ्यात बरं वाटतं तसं," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. नकाशांच्या नकला देणाऱ्या खिडकीतल्या गृहस्थांना त्या घरघरीत समोरच्याचं ऐकू यायचं नाही. लोकांना वाटायचं, हा माणूस मुद्दाम तीनतीनदा विचारतो. पाच वाजेपर्यंत तेहतीस अर्ज भरले. तात्यांनी ते सगळे आपल्या हातानं लिहिले, कारण आपल्यासमोर लिहायला लोकांना अवघड वाटतंय हे त्यांच्या लक्षात आलं.

बिनआवाजाचे पंखे बसवता येतील, हेही त्यांनी तक्त्यात लिहिलं. पण उष्णता राहील, पेटाराही राहील, हे त्याच्याखाली लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तक्ता दोनदा वाचला. "तात्या, वाढवता येण्यात जुना पुढे. वेगात उन्नीस-बीस. आणि शिफारस डबीची?"

"तक्रारी तेहतीस आहेत."

"काल तर शून्य होत्या."

"काल मी विचारलं नव्हतं."

मॅडमनी तक्ता मिटून ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्या खोलीचं माहितीय ना?"

"चौकशीच्या खिडकीत काय करायचं असतं?"

"लोकं येतात, विचारतात. आपण सांगायचं."

"बरं," तात्या म्हणाले.

दोन महिन्यांनी डब्या आल्या. जुने सीपीयू तात्यांनी स्वतःच काढले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. सगळ्यात शेवटी आवक बाईंचा. त्यांनी तो बाहेर ओढला आणि मागे राहिलेला धुळीचा चौकोन फडक्यानं पुसून घेतला.

बाई खुर्चीत बसल्या. सवयीनं त्यांनी गुडघे डावीकडे वळवले. मग थबकल्या, खाली बघितलं, आणि दोन्ही पाय सरळ पुढे टाकले. पार भिंतीपर्यंत. बसल्या जागी त्यांनी डोळे मिटून घेतले.

तात्यांना रडू आलं. कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी सीपीयू छातीशी उचलला आणि ते जिन्याकडे चालू लागले.