एका मंगळवारची मतपेटी

मी मतपेटी बोलतेय, ब्रॅकेट पॉइंटच्या टाउन हॉलमधली. निवांत बोलणं मला जमेल असं वाटत नाही. माझ्या गावात कुणालाच उसंत नसते, आणि ती धावपळ माझ्याही अंगात भिनलीय.

होड्या बांधणाऱ्या एका म्हाताऱ्यानं उरलेल्या ओकच्या फळ्यांतून मला घडवलं. बाजूला दांडा बसवला. मतपत्रिका फटीत सरकवायची, दांडा फिरवायचा, की ती आत ओढली जाते आणि माझी छोटी घंटा वाजते. त्या आवाजासाठीच मी जगते म्हणा ना.

पण कित्येक वर्षं त्यासाठी मला एकच मंगळवार मिळायचा. सकाळी आठ ते संध्याकाळी सात. आमची निम्मी माणसं पहाटे शेवंडी पकडायला समुद्रात जातात, ती दिवेलागणीला परततात. उरलेली मासळीच्या कारखान्यात. दुपारभर मी आणि गावची कारकून व्हर्ना पेल्की दाराकडे बघत बसायचो. मग साडेसहाला एकदम झुंबड. गमबूट, ओले कोट, आमिषाच्या माशांचा वास. घड्याळाचा काटा सरकायचा तसा माझा जीव वरखाली व्हायचा.

त्या वर्षी प्रश्न अ‍ॅम्ब्युलन्सचा होता. गावची स्वतःची गाडी ठेवायची, की बंद करून चाळीस मिनिटांवरच्या गावावर विसंबायचं? सातला व्हर्नानं कडी लावली. थोड्याच वेळात कुणीतरी दार ठोठावलं.

डोरिस तिबोडो होती. घरोघर जाऊन आजारी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते ती. कामाच्या निळ्या कपड्यांवर तसाच कोट चढवलेला. मागं होडीवरची दोन माणसं धापा टाकत उभी.

"व्हर्ना, उघड ना गं! माझ्या पेशंटला, एलरींना, उलट्या होत होत्या. तसंच टाकून कशी निघू?"

"सात वाजून गेले, डोरिस."

"चारच मिनिटं झालीत!"

"मला कळतंय गं. पण दार लावल्यावर मला कुणालाच घेता येत नाही."

"मागच्या वेळीही असंच झालं. त्याच्या आधीही." डोरिसचा आवाज चिरकला. "मी काय घरी झोपा काढत होते?"

 काचेपलीकडचे तिघं थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. व्हर्नानं माझं पोट उघडून मतं मोजली. अ‍ॅम्ब्युलन्स दोन मतांनी हरली होती. बाहेर तिघं होते. होडीवरचे ते दोघं कुणाच्या बाजूचे होते, देव जाणे. पण तेव्हापासून मला चैन नाही.

जानेवारीत एलरींची छाती दुखायला लागली. रस्त्यावर बर्फ होता, आणि गाडी पोहोचायला पाऊण तास लागला. डोरिस त्यांचा हात धरून बसली होती. गाडी आली तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. व्हर्नानं हे फोनवर ऐकलं आणि ती बराच वेळ माझ्या झाकणावर तळहात ठेवून उभी राहिली.

वसंतात राज्याचा कायदा बदलला. मतदानाच्या आधीचे, रविवार सोडून, दहा दिवस गावांना पेटी उघडी ठेवता येणार होती. ठेवायची की नाही, हे गावाच्या मंडळानं ठरवायचं. अध्यक्ष हार्लन ग्रिंडल टेबलावर बोटं वाजवत म्हणाला, "आमच्या आजोबांनी एका दिवसात मतं दिली. ज्याला द्यायचंय तो वेळ काढतोच."

"हार्लन, तू निवृत्त आहेस," व्हर्ना म्हणाली. "तुझ्याकडे वेळ निघत नाही, उतू जातो."

सगळे हसले. हार्लन सोडून. ठराव तीन विरुद्ध दोन असा मंजूर झाला. दोन्ही शनिवारी आणि तीन दिवस संध्याकाळीही दार उघडं राहणार होतं.

इकडे डोरिसनं सह्या गोळा करून अ‍ॅम्ब्युलन्सचा प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर आणला होता.

पहिला दिवस आठवला की अजून धडधडतं. दुपारपर्यंत एकही माणूस नाही. दुसऱ्या दिवशी फक्त टपालवाला. रोज काम संपलं की व्हर्ना मला कुलूप लावायची, सील लावायची, तिजोरीत ठेवायची. मी अंधारात घोकत राहायची, हार्लन म्हणाला तेच खरं ठरलं तर?

मग शनिवार उजाडला. समुद्र खवळलेला, होड्या धक्क्यालाच बांधलेल्या. नऊला दार उघडलं तर बाहेर रांग! कारखान्यातल्या बायका टोप्या न काढताच आलेल्या. एक बाप कडेवर पोर घेऊन. कुणी ओरडलं, "व्हर्ना, डोनट ठेवलेस का?" ती म्हणाली, "मत दे आणि घरी जाऊन खा."

पावणेअकराला डोरिस आली, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात. तिनं कागद सरकवला, दांडा फिरवला, घंटा ऐकली. लगेच निघाली नाही. खुर्ची ओढून मिनिटभर बसली, पाय लांब करून. घाई नसलेली डोरिस मी प्रथमच पाहिली.

मंगळवारी हार्लन टाय लावून आला. समोर चारच माणसं.

"आज रांग नाही. बरं झालं."

"कशी असेल? निम्मं गाव येऊन गेलंय," व्हर्ना म्हणाली.

अ‍ॅम्ब्युलन्स एकेचाळीस मतांनी जिंकली. दुसऱ्या दिवशी डोरिस ऑफिसात आली. व्हर्नानं तिला मिठी मारली. "जिंकलो गं!"

"हो," डोरिस म्हणाली. मग हळूच, "एलरींना मागच्या हिवाळ्यात हवी होती."

 मला त्या जिंकण्याचा आनंद झाला, पण पुरता नाही. अजूनही नाही.

आता माझे सांधे सैल झालेत. माझ्या जागी यंत्र आणायचं बोलतात. आणा, माझी तक्रार नाही. फक्त त्यालाही एका मंगळवारात कोंडू नका. जे आले नाहीत त्यांना पर्वा नाही, असं झटकन म्हणू नका. त्यांच्यातलं कुणीतरी त्या वेळी कुणाचं तरी डोकं धरून बसलेलं असतं.

उद्यापासून यंदाचे दहा दिवस सुरू. तुम्ही कामाच्या कपड्यांतच या, जेवणाच्या सुट्टीत या, पोरं घेऊन या. माझी घालमेल काही थांबायची नाही, पण मी इथंच आहे.